बसायची परवानगी

मी एक स्टूल आहे. लोखंडी, चार पायांचं, वर काळं रेक्झिन. सध्या मी रागात आहे, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. वेल्डरने माझे पाय जोडले, कडा घासल्या आणि स्वतः माझ्यावर बसून पाहिलं. "हिलता नहीं," म्हणाला. दमलेल्या माणसाचं वजन घ्यायचं, एवढंच माझं काम.

मुरलीपुऱ्यातल्या एका शाळेने मला घेतलं आणि फाटकाशी ठेवलं. तिथे कलावती असायची. फाटक उघडायचं, येणाऱ्यांची नावं वहीत लिहायची, उशिरा आलेल्या मुलांवर खोटंखोटं डोळे वटारायचे, ही तिची नोकरी. वय पन्नाशीपुढे. गाडी आली की उठायची, गेली की बसायची. तीन वर्षं आमचं बरं चाललं होतं.

मग रणजीत सर नवे मुख्याध्यापक म्हणून आले. "पालक आले आणि स्टाफ बसलेला दिसला, तर काय इम्प्रेशन पडेल?" म्हणाले. मला उचलून फाटकाशेजारच्या सामानाच्या खोलीत टाकलं.

त्या खोलीला जाळीची खिडकी होती. तिच्यातून मला सगळं दिसायचं. सकाळी सात ते दुपारी तीन कलावती उभी. दहानंतर भिंतीला टेकायची. बारानंतर कधी या पायावर, कधी त्या पायावर भार टाकायची. आणि मी चार पावलांवर रिकामा! कोणाच्या कामाचा नाही, म्हणून धूळ खात!

अकरावीला राज्यशास्त्र शिकवायला प्रतिमाबाई होत्या. मूळच्या सांगलीच्या. नवऱ्याची विमा कंपनीत बदली झाली म्हणून जयपुरात आलेल्या. त्यांनी वर्गाला मानवी हक्कांवर प्रकल्प दिला. मुलांनी इंटरनेटवरून दूरदूरच्या देशांच्या बातम्या छापून आणल्या. बाईंनी सगळा गठ्ठा परत केला.

अनुया नावाची मुलगी वैतागून माझ्या खिडकीपाशी त्यांच्याशी बोलत होती. वडील फौजेत, मराठी घरापुरतं.

"मॅम, मतलब मी काय लिहू? इथे तर सगळं ठीक आहे."

"तुला रोज फाटक कोण उघडून देतं?"

"कलावतीजी."

"त्यांच्या पायांकडे कधी पाहिलंस?"

दुसऱ्या दिवशी अनुया आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन आली. आधी विचारलं, मग खाली बसून कलावतीच्या घोट्याचं माप घेतलं. सकाळी चोवीस सेंटीमीटर. दुपारी साडेसत्तावीस. असं आठ दिवस. एका शनिवारी बाईंची परवानगी काढून ती स्वतः कलावतीच्या शेजारी उभी राहिली. अकरापर्यंत हसत होती. एक वाजता तिने बूट काढले. दोनला रडकुंडीला आली.

"आप कैसे कर लेती हैं?"

"तुम एक दिन खड़ी हो, बिटिया," कलावती म्हणाली. "तुम्हें मालूम है, कल नहीं होना है."

अनुयाने ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

दहा डिसेंबरला मानवी हक्क दिन. मला खोलीतून बाहेर काढलं, ते कशाला? लाल सॅटिन पांघरून माझ्यावर समई ठेवायला! भाषणात 'सन्मान' हा शब्द रणजीत सरांनी किती वेळा वापरला कोण जाणे. सभागृहाच्या दारात गुलाबांचं तबक धरून कलावती उभी होती.

अनुयाची पाळी आली. तिने माइकवर आकडे वाचले आणि ते कोणाचे, तेही नाव घेऊन सांगितलं. मग समई टेबलावर सरकवली, सॅटिन ओढलं आणि मला उचलून थेट दारात नेऊन ठेवलं.

"बैठिए ना, कलावतीजी."

अख्खं सभागृह मागे वळलं. कलावती बसली नाही.

"मेरी नौकरी लोगी क्या?" ती हळूच म्हणाली.

रणजीत सरांचा राग तर मला होताच. त्या क्षणी मला त्या पोरीचाही राग आला.

कार्यक्रमानंतर प्रतिमाबाईंनी तिला गाठलं. "माप घेताना विचारलं होतंस. नाव सांगताना विचारलंस?"

अनुयाने नकारार्थी मान हलवली. डोळे भरले होते.

"मीही नाही विचारलं. यात माझी चूक जास्त आहे."

दोघी कलावतीकडे गेल्या, माफी मागितली. तिने हातातलं तबक खाली ठेवलं. मग म्हणाली, "माफ़ी से क्या होगा? लिखना है तो सबका लिखो. मुझ अकेली का नहीं."

शाळेत अशा सात बायका होत्या. झाडणाऱ्या, बसमध्ये मुलांबरोबर जाणाऱ्या, पाणी भरणाऱ्या. अर्ज सातही जणींच्या तोंडून ऐकून लिहिला गेला. पहिली सही कलावतीची. खाली अकरावीच्या मुलांच्या आणि पालकांच्या सह्या. सरांनी तो दाबून ठेवला. मग पालक फाटकाशी थांबून विचारू लागले, तेव्हा जानेवारीत आदेश निघाला: बसण्यास परवानगी आहे, मात्र पालक, पाहुणे वा वरिष्ठ आल्यास उभे राहावे.

मी परत फाटकाशी आलो. लोक म्हणाले, जिंकलात! काय जिंकलो? हॉर्न वाजला की ती ताडकन उठायची. काल मी मोजलं. एकेचाळीस वेळा.

आज सकाळी रणजीत सरांची गाडी आली. हॉर्न वाजला. कलावतीने बसल्या बसल्या हात लांबवून कडी काढली आणि फाटक लोटलं. "नमस्ते, सर." गाडीची काच खाली आली. सर बघत राहिले. तिचं सगळं अंग थरथरत होतं, ते माझ्या पायांपर्यंत पोचत होतं. पण ती उठली नाही. मागच्या गाडीने हॉर्न मारला, तेव्हा सर आत गेले.

दुपारी तिला ऑफिसात बोलावलंय. प्रतिमाबाई आणि बाकीच्या सहा जणी बरोबर जाणार आहेत. अनुया बाहेर थांबेल. तसं कलावतीनेच सांगितलंय.

काय होईल ते मला ठाऊक नाही. तुम्हाला मात्र सांगून ठेवतो, माझं चित्र काढून भिंतीवर लावू नका. तुमच्या इमारतीच्या, दुकानाच्या, बँकेच्या दारात जो माणूस उभा आहे, त्याला बसायला काही दिलंय का, ते आजच्या आज बघा. नसेल, तर आधी त्याला विचारा, आणि मग वर जाऊन भांडा.