रानमांजरीची तपासणी

मोरवेनाने पिंजऱ्यातल्या गुहेच्या दाराची कडी धरली, पण ती काढायला हात धजेना. बंद दारामुळे बाहेर अडकलेली रानमांजरी दारावर पंजे ओढत होती.

"उघडू नकोस," धाकटा भाऊ जागो म्हणाला. "ती दिसलीच नाही, तर काय माझं थोबाड दाखवणार आहेस त्या तपासणाऱ्यांना?"

गेल्या तपासणीला ही मांजरी कुंपणालगत बेचैन होऊन सारख्या येरझारा घालताना दिसली होती. हे थांबलं नाही तर तिला दुसरीकडे हलवावं लागेल, असं परवाना देणाऱ्या काउन्सिलने बजावलं होतं. मोरवेनाने मग झुडपं लावली, दगड रचून गुहा केली आणि तिचं दार कायम उघडं ठेवलं. आज मात्र पाहुण्यांसमोर लेकराला नटवून बसवावं तसं जागोने मांजरीला बाहेर ठेवून दार लावून घेतलं होतं.

मांजरीला मोरवेनानेच बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. ती गेली तर मोरवेनाला घर खायला उठलं असतं. तरी तिने कडी काढली, आणि मांजरी सरकन आत गेली.

थोड्याच वेळात तपासायला दोघं आले. काउन्सिलचे पास्को एरवी टॅक्सीचे आणि दारूच्या दुकानांचे परवाने बघत. सोबत प्राण्यांच्या डॉक्टर नान्स होत्या. पास्को रिकाम्या पिंजऱ्याकडे बघत राहिले, जागोने बहिणीवर डोळे वटारले.

"बाई, टॅक्सी तपासायला निदान टॅक्सी तरी समोर लागते," पास्को म्हणाले.

"ती आत आहे," मोरवेना म्हणाली. "तिला यायचं नाहीये, आणि मी तिला ओढून काढणार नाही."

डॉक्टर कुंपणाच्या कडेने चालत गेल्या, जाळीशी गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी पास्कोंना हाक मारली.

"मागच्या खेपेला इथे तिच्या फेऱ्यांनी वाट पडली होती ना? उघडी, टणक माती. आठवतं?"

पास्को वाकले. जाळीपलीकडे घोट्याएवढं हिरवंगार गवत होतं.

मोरवेना ते पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी बघत राहिली. रोज खाणं घेऊन ती तिथूनच जात होती.

"गुहेचं दार असंच उघडं असू द्या," डॉक्टर उठत म्हणाल्या. "आणि हे गवत कुणी कापू नका."

जागोने घसा खाकरला.

"सकाळीच कापणार होतो," तो बहिणीला हळूच म्हणाला. "मेलं यंत्र सुरूच झालं नाही."