लवकर आलेले मासे

नदीकाठचे लोक तिला मोजणीबाई म्हणत. वसंतात समुद्रातले मासे अंडी घालायला नदी चढून येत. बंधाऱ्याजवळ पाण्यात सोडलेल्या लोखंडी पिंजऱ्यात त्यांतले काही थांबवायचे, मोजायचे, मापायचे, नर की मादी ते पाहायचं आणि वरच्या अंगाला सोडून द्यायचे, हे तिचं काम. नोकरी मत्स्यखात्याची. तिचा थोरला भाऊ खाली नदीच्या मुखाशी जाळी टाकायचा. दादा चारचौघांत म्हणायचा, की घरात मासे मारतो मी आणि वास मात्र हिच्या अंगाला.

मासेमारीची बंदी दरवर्षी ठरलेल्या तारखेला लागे. त्याआधी अंड्यावर आलेल्या माद्या वर चढताना दिसल्या, तर खातं ती लगेच लावू शकत असे. आजवर तशी वेळ आली नव्हती.

त्या वर्षी थंडी लवकर सरली. एका सकाळी तिने साखळी ओढून पिंजरा वर घेतला, तर हात घालायला जागा नव्हती. एका मादीच्या पोटावर तिने अलगद अंगठा फिरवला. पिवळसर अंडी तळव्यावर उतरली. डोळ्यांवर विश्वास ठेवावा की नाही, म्हणून तिने तासाभराने पुन्हा पिंजरा उचलला. तेच.

ती कठड्यावर बसली. दादा आणि वहिनीने सगळा हिवाळा जाळी विणण्यात घालवला होता, आणि परवाच ती जाळी पाण्यात सोडली होती. आधी दादाला कळवलं, तर घरच्या माणसाला झुकतं माप. न कळवलं, तर भावाच्याच पोटावर पाय. तिने साहेबांना फोन लावला.

साहेबांनी खात्री आहे का विचारलं. ती आहे म्हणाली. मग ते जरा घुटमळले. "तुमचे बंधू तिथेच जाळी टाकतात ना?"

"टाकतात. पण मासे चढायला लागलेत, साहेब."

दुपारी धक्क्यावर बंदीची नोटीस लागली. तिकडे जायचं तिचं धाडस झालं नाही. पिंजरा धूत, धुतलेलाच पुन्हा धूत, ती अंधार पडेपर्यंत बंधाऱ्यावर राहिली.

दादाने बोलणं टाकलं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. इथे माशांशी सख्य केलं आणि घरात वैर आलं. तो धक्क्यावर दुसऱ्यांच्या होड्या रंगवायच्या कामाला लागला. निरोप वहिनीमार्फत येत-जात. वहिनी वैतागून म्हणाली, की तुम्हा दोघांच्या मध्ये माझं टपालखातं झालंय.

मग वर कुठेतरी पाऊस झाला आणि नदी फुगली. एक अख्खं झाड वाहत येऊन पिंजऱ्यावर आडवं बसलं. दार दाबलं गेलं, साखळी हलेना, आत मासे एकमेकांवर चेंगरू लागले. खात्याची माणसं यायला वेळ होता. तिने वहिनीला फोन केला, की कुणाची होडी मिळाली तर बघ.

होडी दादाचीच आली. झाडाला दोर बांधून त्याचं दुसरं टोक त्याने होडीला अडकवलं, आणि पहार तिच्या हातात दिली. तो ओढत राहिला, ती खालून उचकटत राहिली. हातांची सालटं निघाली. शेवटी झाड करकरत फिरलं आणि प्रवाहाला लागलं. तिने दार उघडलं. मासे आधी गोंधळले, मग एकामागून एक वर निघाले. काही मात्र आतच मेले होते.

दादाने एक मेलेली मादी उचलली आणि तिच्या फुगलेल्या पोटाकडे बघत राहिला.

"बंदी लागली त्याचं नाही," तो म्हणाला. "लागायलाच हवी होती. पण मी नोटीस वाचून समजून घ्यायला परका होतो का?"

"आधी सांगितलं असतं, तर तू जाळी ठेवली असतीस ना पाण्यात?"

"त्या दिवसापुरती ठेवली असती," तो खरं तेच बोलला. "आधी नको सांगूस. पण साहेबांना फोन झाल्यावर दुसरा मला करता आला असता."

ती म्हणाली, "भ्याले मी, दादा."

तो हुंकारला. मग मेलेले मासे घरी नेऊ का, असं त्याने विचारलं. नियमाने ते मोजून पुरावे लागतात, असं तिने सांगितलं.

"तुझे नियम बाई," तो म्हणाला आणि फावडं कुठे आहे ते विचारलं.

त्या मोसमात जाळी कोरडीच राहिली. दादाचा रागही एकदम गेला नाही. जेवायला बोलावलं की तो येई आणि निम्मं बोलणं वहिनीशीच करी. पुढच्या वसंतात मासे पुन्हा लवकर आले. तिने पहिला फोन साहेबांना केला, आणि तो ठेवल्या ठेवल्या दुसरा दादाला. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, एक सणसणीत शिवी नदीला दिली, आणि जाळी काढायला गेला.