वायचं शेपूट

रत्नदीपला अबोल म्हणणं म्हणजे उल्हास नदीला ओली म्हणण्यासारखं आहे. खालापूरच्या पुढे पाइपांच्या कंपनीत तो फिटर होता. तिथे मशीनच्या आवाजात कुणीच बोलत नाही, म्हणून त्याचं निभावून गेलं. लग्नाच्या वेळी मध्यस्थांनी सांगितलं होतं, मुलगा शांत आहे हो. पुढची वीसेक वर्षं त्या शांतपणाचं ओझं छायाने एकटीने वाहिलं. दूधवाल्याशी ती भांडायची, पाहुण्यांची विचारपूस ती करायची, शाळेत बाईंना जाऊन ती भेटायची. हा मागे उभा राहून मान हलवायचा. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही म्हणतात. याचं जे काही होतं, ते छायाने जन्मभर खपवलं.

मुलगी भाग्यश्री इंजिनिअरिंगला नांदेडला गेली तेव्हाही फोन छायाकडेच राहिला. कर्जतजवळच्या भिसेगावातल्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी तासभर बोलणं चालायचं आणि रत्नदीप तिथेच खुर्चीत बातम्या लावून बसलेला असायचा. शेवटी छाया फोन पुढे करायची, "बोलताय का वो पोरीशी?" तो म्हणायचा, "इचारलंय म्हून सांग." झालं बापाचं कर्तव्य!

मग भादव्यात छायाला ताप आला. तो साधा ताप नव्हे हे कळेपर्यंत उशीर झाला होता. भाग्यश्री आली, राहिली, कॉलेज बुडतंय म्हणून परत गेली, आणि फोन रत्नदीपच्या हातात आला.

दर रविवारी सकाळी तो फोन करायचा.

"जेवलीस का?"

"अजून नाही. तुम्ही?"

"जेवंन आता. बरी हायस ना?"

"बरी आहे. तुम्ही?"

"बरा हाय."

मग दोघंही गप्प. नांदेडच्या हॉस्टेलात कुठेतरी बादली आपटायची, ती ऐकू यायची. मग भाग्यश्री विचारायची, "ठेवू का?" आणि तो म्हणायचा, "ठेव." त्यानंतर घर असं काही शांत व्हायचं की जन्मभर शांततेत राहिलेल्या माणसालाही ते सोसेना. ती शांतता आपली नव्हतीच, छायाच्या बोलण्याच्या आडोशाला आपण बसलो होतो, हे त्याला आता कळत होतं. बायको गेली ती एकदाच गेली. पोरगी मात्र दर रविवारी थोडी थोडी चालली होती, आणि तिला धरून ठेवायला याच्याकडे शब्द नव्हता. तो टीव्ही लावायचा आणि बघायचा नाही.

एका रविवारी असाच फोन कानाला लावून उभा असताना त्याचा हात फळीवरच्या पुस्तकाला लागला. भाग्यश्रीचं बारावीचं गणिताचं पुस्तक. "ठेवू का?" यायची वेळ झाली होती. बुडत्याला काडीचा आधार, तसं त्याने ते पुस्तक उघडलं आणि पुढ्यात आलं ते विचारलं.

"भाग्यश्री, हितं वर डीवाय हाय आन् खाली डीएक्स. मंग वरचा डी आन् खालचा डी कापून का नाय टाकत?"

भाग्यश्री हसली. अशी हसली की शेजारच्या पलंगावरच्या मुलीने काय झालं म्हणून विचारलेलं त्याला ऐकू आलं. छाया गेल्यापासून तिचं हसणं त्याने ऐकलं नव्हतं.

"अहो पप्पा, डी हा काही आकडा नाही कापायला! ते सगळं मिळून एकच आहे. एक्स जरासा हलला तर वाय किती हलतो, एवढंच ते सांगतं." आणि ती सांगतच राहिली. त्याला त्यातलं निम्मंही कळलं नाही, पण फोन ठेवला तेव्हा चुलीवर, म्हणजे गॅसवर, ठेवलेलं पाणी आटून गेलं होतं. रत्नदीपने नवीन पाणी ठेवलं आणि पुस्तक पिशवीत टाकलं.

दहावी आणि आयटीआय एवढ्या शिदोरीवर माणूस कॅल्क्युलसला भिडला. कंपनीच्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर व्हिडिओ लावून. बसमध्ये शेजारी बसणारा सखा त्याची टर उडवायचा, "काय रत्नदीपराव, म्हातारपणी बारावी? निकालाचे पेढे कवा?" सखाची मुलगी मुरबाडला दिलेली. बस कर्जत सोडते न सोडते तोच सखा तिला फोन लावायचा आणि वांग्याला पडलेल्या किडीपासून ते शेजाऱ्याच्या कुत्र्यापर्यंत सगळं तिला सांगायचा. खालापूर यायचं तरी कुत्रं संपायचं नाही. रत्नदीप खिडकीबाहेर बघत ते सगळं ऐकायचा. त्याला सखाचा हेवा वाटायचा, आणि वांग्यावर इतकं कसं बोलता येतं ते काही केल्या उमगायचं नाही. त्यापेक्षा गणित सोपं होतं.

दर रविवारी आधी एका गणिताचा फोटो पाठवायचा, मग फोन करायचा, असा शिरस्ता पडला. सुरुवातीची गणितं सरळ होती. वाय एकीकडे, बाकीचं दुसरीकडे. मग आलं ते वेगळंच. एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग बरोबर पंचवीस. रत्नदीपने झटकन सोडवलं. एक्सच्या वर्गाचे दोन एक्स, वायच्या वर्गाचे दोन वाय, पंचवीसचं शून्य. फोटो पाठवला आणि घोड्याने तिथेच पेंड खाल्ली.

"चुकलं पप्पा. दोन वाय एवढंच नाही, त्याच्या मागे डीवाय बाय डीएक्स पाहिजे."

"का? एक्सला नाय लावलं ते?"

"हे इम्प्लिसिट आहे. म्हणजे इथे वाय एक्समध्ये लपून बसलाय. त्याला ओढून बाहेर काढत बसायचं नाही, आहे तिथेच धरून सोडवायचं. बघा, हे एक वर्तुळ आहे. दोघांना त्या वर्तुळावरच चालायचंय. एक्स पुढे सरकला तर वाय जागेवर राहील का? त्याला वर-खाली व्हावंच लागणार. पंचवीस नुसता आकडा आहे, तो बसून राहतो, म्हणून त्याचं शून्य. वाय बसून राहत नाही. म्हणून वायला हात लावला की त्याला ते शेपूट येणारच. लक्षात ठेवा, वायला शेपूट!"

शिकवताना तिचा आवाज बदलायचा. शब्दाशब्दावर जोर द्यायची, मधेच "कळलं का?" विचारायची, आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायची. अगदी छाया. तो आवाज ऐकत रत्नदीप भिंतीला टेकून बसायचा आणि त्याला बरं वाटायचं. पुढच्या रविवारी पुन्हा शेपूट राहिलं, खरोखरच विसरून राहिलं. त्याच्या पुढच्या वेळीही. भाग्यश्री न कंटाळता पुन्हा सांगायची. "हर्षला हसते मला," ती म्हणाली. हर्षला म्हणजे तिची खोलीतली मैत्रीण. "म्हणते, प्रोफेसरबाई, तुमचा विद्यार्थी ढ आहे."

"हायच ढ," रत्नदीप म्हणाला, आणि मनातून सुखावला.

आणि एक दिवस त्याला ते कळलं. बस पळसदरीच्या वळणावर होती, सखाचं वांगं चालू होतं, आणि याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एक्स, वाय, शेपूट, शेपटाचे सगळे तुकडे एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला, भागाकार, संपलं. त्याने पुस्तकातली पानभर गणितं तोंडी सोडवली. सगळी बरोबर! आनंद कंपनी येईपर्यंत टिकला. बसमधून उतरता उतरता त्याच्या ध्यानात आलं. आता रविवारी विचारायचं काय?

त्याने पुढचा भाग विचारून पाहिला. पण भाग्यश्रीलाही तो नीटसा आठवत नव्हता. "ते मला बघावं लागेल हो पप्पा. थांबा, लिंक पाठवते." लिंक आली. लिंकमधला माणूस हुशार होता, चांगलं शिकवत होता. पण "कळलं का पप्पा?" असं काही तो विचारत नव्हता. त्या रविवारचा फोन पुन्हा जेवलीस का, बरी हायस ना, ठेव, यावर आला. रत्नदीप दिवसभर अंथरुणावर पडून राहिला.

पुढच्या रविवारी तो वायचं शेपूट मुद्दाम विसरला.

लबाडी म्हणा. होतीच लबाडी. पण उपाशी माणसाने शिळी भाकरी चोरली तर आपण त्याला दरोडेखोर म्हणत नाही. पावसाळाभर रत्नदीप चुकत राहिला. कधी वायच्या वर्गाला शेपूट नाही, कधी घनाला नाही. भाग्यश्री रागवायची, हसायची, नवनवे दाखले द्यायची, आणि ओघात दुसरंही काही सांगून जायची. मेसची डाळ, हर्षलाची भांडणं, ओल्या कपड्यांचा वास. गणिताच्या पाठीवर बसून तिचं सगळं घर त्याच्या घरात येत होतं.

पण खोटं बोलायलाही अक्कल लागते. एका रविवारी त्याने गणित पाठवलं, एक्सचा वर्ग अधिक एक्स गुणिले वाय अधिक वायचा वर्ग बरोबर सात. मधला तुकडा नवशिक्याला घाम फोडणारा, एक्स आणि वाय एकमेकांत अडकलेले. तो रत्नदीपने सवयीने बरोबर सोडवला, शेपटासकट. शेवटच्या वायच्या वर्गाला मात्र ठरल्याप्रमाणे शेपूट लावलं नाही.

त्याने फोन केला तेव्हा भाग्यश्रीने फोटो आधीच बघितला होता.

"पप्पा, अवघड जागी बरोबर आणि सोप्या जागी चूक. शिकणारा माणूस असं चुकत नाही. तुम्हाला हे येतंय. कधीपासून येतंय?"

रत्नदीपने पुस्तक मिटलं. खोटं रेटायलाही तोंड लागतं.

"परवा माझा पेपर होता, तरी मी रात्री बसून तुमच्यासाठी नवीन दाखला शोधला. मला वाटत होतं, मला कुणाला तरी काहीतरी देता येतंय. मी सगळ्यांना सांगितलंय, माझे पप्पा शिकतायत म्हणून. आणि तुमी..." तिचा आवाज फुटला. नांदेडला गेल्यापासून ती 'तुमी'ला 'तुम्ही' म्हणायची. रडू आलं की कर्जत बाहेर पडायचं. "मला नाय बोलायचं."

फोन कट झाला.

तो आठवडा कसा गेला ते रत्नदीपलाही सांगता आलं नसतं. कंपनीत त्याने एका पाइपाला दोनदा जोड दिला. सखाने विचारलं, "बरा हायस ना रं?" तर तो नेहमीसारखं "बरा हाय" म्हणाला, आणि ते शब्द किती पोकळ आहेत ते त्याला स्वतःच्याच कानांनी ऐकू आलं. पोरीला आपण फसवलं, आणि आता ती गेली. त्याला छायाचा रागसुद्धा आला. मला बोलायला न शिकवता गेलीस, असं तो तिच्या फोटोला खरोखर म्हणाला.

रविवार आला. पाठवायला गणित नव्हतं. त्याने फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. शेवटी लावला. भाग्यश्रीने उचलला, पण "हॅलो" म्हणाली नाही. रत्नदीपने मनाशी बरंच घोकलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ! जे खरंच छळत होतं तेच तोंडून गेलं.

"भाग्यश्री, तुझी मम्मी रोज तासभर काय बोलायची गं तुझ्याशी?"

"तुम्हाला ऐकू नाही यायचं? तुम्ही तिथेच असायचात की."

"असायचो. पर आयकलं नाय कदी. मला वाटलं, आयकलं आसतं तर आज तसंच कायतरी बोललो आसतो."

पलीकडे बादली आपटली. कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. मग भाग्यश्री म्हणाली, "तुमच्याबद्दल बोलायची, पप्पा."

"माझ्याबद्दल?"

"सगळं तुमचंच. आज डबा अर्धा परत आणला. आज गुडघा दुखतोय पण सांगत नाहीत. आज सायबांनी चांगलं म्हटलं, तर घरी येऊन यांनी दोनदा चहा मागितला. मला इथे बसून तुमचं सगळं ठाऊक असायचं. मम्मी गेली आणि तुमीपण गेलात. इचारलं की बरा हाय. दर येळेला बरा हाय!"

आपल्याविषयी कुणी तासभर बोलू शकतं, तेही रोज, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि तो तर तिथेच बसला होता, हातभर अंतरावर, बातम्या बघत.

"मग आता तुम्ही सांगा," भाग्यश्री म्हणाली. "काल डब्यात काय नेलं होतं?"

"न्हेला नाय डबा."

"का?"

असंच, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. भांड्यांच्या मांडणीकडे बघत तो सावकाश म्हणाला, "भात लावला हुता. झाकण काढलं तर दोघांचा. आजूनपन हात दोघांचाच भात घेतो गं. मंग मला तो डब्यात भरवंना."

भाग्यश्रीने फोन ठेवला नाही. मग रत्नदीप गुडघ्याचं सांगू लागला.