मुकादमांची हळद

अकरा वाजले तरी रावेरहून उष्टी हळद आली नव्हती. आमच्याकडे भावकीतल्या पाच सवाष्णी आधी जात्यावर हळद दळतात. मग नवरदेवाकडची उष्टी हळद आली की ती त्यात मिसळून मुलीला लावतात. ती आलीच नाही, तर माझ्या भूमिकाचं लग्न मोडलं समजा.

सगळा घोळ आदल्या दिवशीच्या फोनचा. नवरदेवाचे काका पंकजराव चौधरी म्हणाले, मोबाइलवर पाहिलं, मुकादम हे आडनाव अरबी आहे, परदेशात हजारोंनी मुकादम आहेत, तुम्ही त्यातले कोणते? अरे बाबा, बादशाही अमलात गावच्या पुढाऱ्याला मुकादम म्हणत. काम गेलं, नाव राहिलं. एकट्या आमच्या फोपनार गावात मुकादमांची सत्तावीस घरं. शब्द अरबी असेल तर असेल. अर्ज, वकील, तारीखसुद्धा अरबीच, मग माणसानं लग्नाची तारीख काढू नये काय?

पण हे सगळं मला फोन ठेवल्यावर सुचलं. फोनवर मी शेपूट घातली. म्हटलं, आम्ही मूळचे पाटीलच, मुकादम आपलं उगाच चिकटलंय. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. सकाळी उठून मांडवाच्या कमानीवरच्या फळ्यावर पांढरा रंग फासला आणि ‘गिरधर मुकादम’चं ‘गिरधर पाटील’ करून टाकलं. बायको वैजयंती डोक्याला हात लावून बसली.

थोड्या वेळानं माझी चुलतभावजय सरुबाई चौघींना घेऊन हळद दळायला आली. फळा वाचला आणि कमानीतच थबकली.

“भाऊजी, लग्न पाटलांचं असेल तर पाटलांच्या बायका बोलवा. आम्ही मुकादमांच्या.”

पाचीजणी माघारी गेल्या. जातं कोरडंच राहिलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

तेवढ्यात भूमिका घासलेटाचा बोळा घेऊन आली नि खुर्चीवर चढून फळा घासायला लागली. मी हात जोडले, रावेरची माणसं एवढ्यात येतील म्हणून विनवलं. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

“पप्पा, परवापासून मी चौधरी. दोनच दिवस उरलेत माझ्या नावाचे. तेवढे तरी राहू द्या ना.”

मी गुपचूप खुर्ची धरली. मग सरुबाईच्या दारी जाऊन माफी मागितली. दोन शिव्या देऊन का होईना, ती चौघींना घेऊन परत आली आणि जातं फिरलं.

बारा वाजता जीप थांबली. पंकजराव झाकलेली वाटी घेऊन उतरले. फळ्यावर पांढरे फराटे होते आणि त्यांच्याखाली जुनं नाव. ते वाचून पंकजराव माझ्याकडे वळले.

“काल तर पाटील म्हणालात.”

“काल घाबरलो होतो,” मी म्हटलं. “मुकादमच आहोत. हळद द्यायची असेल तर मुकादमांच्या मुलीला द्या.”

जातं थांबलं. पंकजरावांनी वाटी पुढं केली आणि विचारलं, कुणाच्या हातात द्यायची? सरुबाई पिवळे हात पदराला पुसत पुढं झाली नि तिनं वाटी घेतली.

हळद लावली तरी भूमिकाच्या हातांचा घासलेटाचा वास गेला नाही. तिसऱ्या दिवशी ती चौधरी होऊन रावेरला गेली. मांडव उतरला. फळा मी अजून उतरवलेला नाही.