व्हर्ना मावशीचं गाणारं मंडळ

सिडनीच्या माउंट ड्रुइट उपनगरातलं व्हर्ना मावशीचं घर सरकारी, भाड्याचं. कागदोपत्री तिथे मावशी आणि मी, दोघीच राहायचो. प्रत्यक्षात न्हाणीघराला रांग लागायची. क्लॅरी मामा डायलिसिससाठी गावाहून सिडनीला आला होता, तो सोफ्यावर. मामेबहीण नोरीन दोन मुलींना घेऊन खाली गादीवर. तिनं फोनवर विचारलं की भाड्याचं घर रिकामं असायचं. नोरीनचा काळा चेहरा दारात दिसला की ते नुकतंच गेलेलं असायचं. त्यात एका काकांच्या मयतीला आलेली मंडळी अजून परतली नव्हती.

एका सकाळी ऐन नाश्त्याला घरखात्याचा तपासनीस दारात उभा. प्रेस्टन नावाचा, गोरा, कोवळा, घामेजलेला.

"इथे दोघीच राहता ना?" आत डोकावत त्यानं विचारलं.

आत जिकडेतिकडे गाद्या आणि टोस्ट चावणारी माणसं.

"दोघीच," मावशी म्हणाली. "हे आमचं चर्चचं गाणारं मंडळ. सराव चाललाय."

"गाद्यांवर?"

"जमिनीवर बसून पाठी धरतात रे बाळा."

प्रेस्टन खुलला. "माझी आईपण चर्चमध्ये गाते! एक ऐकवा ना."

क्लॅरी मामाला ठसका लागला. मावशीनं डोळे वटारले तसा त्यानं मुकाट सूर लावला. आजीनं आम्हा आदिवासींसाठीच्या मिशनमध्ये शिकलेलं स्तोत्र आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. मामाचा आवाज म्हणजे थंडीत घरघरणारी गाडी, पण बायकांनी तो सांभाळून घेतला. प्रेस्टनच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमच्या ऑफिसच्या समारंभात गाल? मोठे साहेब येणार आहेत."

"गाऊ की!"

दार लागताच मामा भडकला. "अगं बये, हे काय लचांड गळ्यात घेतलंस?"

"तू नुसतं तोंड हलव. आवाज काढू नकोस."

समारंभात आम्ही जुन्या बाजारातून आणलेले पांढरे सदरे घालून गायलो. टाळ्या पडल्या आणि मावशीनं माइक धरला.

"आता कलाकारांची ओळख. ही नोरीन, वरचा सूर. घरासाठी नंबर लावला तेव्हा हिच्या मुली रांगत होत्या, आता माझी लिपस्टिक चोरतात. हा क्लॅरी, खालचा सूर. माझा सोफा आखूड, हा लांब. याचे पाय स्वयंपाकघरात असतात."

साहेब खदखदून हसले.

"हे सगळे माझ्याच घरी राहतात. प्रेस्टनला मी थाप मारली. सांगा, यांना कुठे पाठवू?"

साहेबांचं हसू विरलं. मला वाटलं, आता आम्हीही रस्त्यावर!

तेवढ्यात मागून प्रेस्टन उठला. लालबुंद झाला होता. "मला ठाऊक होतं, साहेब. सरावाला कुणी पायजम्यात येत नाही."

सभागृह हसून हसून लोळलं. स्थानिक वर्तमानपत्राची बाई फोटो काढत होती, त्यामुळे साहेबांनाही हसावं लागलं. "बघतो," ते म्हणाले.

त्यांनी खरंच बघितलं. आम्हाला कुणी काढलं नाही आणि नोरीनला मागच्याच गल्लीत घर मिळालं. मामाचं मात्र अजून 'बघतो'च चाललंय.

नोरीन वाजतगाजत नव्या घरी गेली आणि त्याच संध्याकाळी मुली नि उशा घेऊन परत दारात.

"काय गं, वीज गेली?" मावशीनं विचारलं.

"नाही गं. फार शांत आहे तिथे. कुणी घोरतच नाही."

मावशीनं पायानं गादी सरकवून जागा केली.