जे तळाशी बसत नाही

रविवारी सकाळी साडेआठला बडोद्याच्या कारेलीबागेतल्या त्या सोसायटीच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. फाटकाबाहेर स्कूटर आडव्यातिडव्या लावलेल्या, बायका पुढे सतरंजीवर, पुरुष मागे खुर्च्यांवर. सगळ्यांची नजर टेबलावरच्या उंच काचेच्या बरणीवर खिळलेली. बरणीत पाणी होते, उकळलेल्या चहासारखे गढूळ.

निर्मळनाथ महाराज उठले. कमरेला पांढरे धोतर, वरचे अंग उघडे. बाहीत काही लपवले अशी शंकाच नको. त्यांनी दोन्ही तळहात गर्दीला दाखवले, पालथे केले, पुन्हा दाखवले.

"देखो भाई, हाथ खाली! मी काही घालत नाही, काही काढत नाही. पाप जड असतं, पुण्य हलकं असतं. गुरूंच्या दंडानं पापाला नुसतं सांगायचं, बेसी जा! की बसलंच ते."

दंड म्हणजे हातभर लांब काठी. तिच्या टोकाला लिंबाएवढा पांढराशुभ्र स्फटिक बसवलेला, साक्षात हिमालयातून आणलेला. महाराजांनी तो बरणीत घातला आणि मंत्र म्हणत भराभरा घुसळला. मग मंत्राची लय संथ झाली, तसा हातही संथ झाला. शेवटी दंड बाहेर आला आणि आरती सुरू झाली. पाव तासाची, पाच देवांची.

आरती चालू असताना बरणीत फाटलेल्या दुधासारखे गोळे दिसू लागले. ते एकमेकांना चिकटले, मोठे झाले आणि हळूहळू खाली उतरू लागले. कापूर विझेपर्यंत तळाशी चार बोटे गाळ होता, आणि वरचे पाणी इतके नितळ की पलीकडच्या भिंतीवरची सूचना बरणीतून वाचता येत होती.

"जय हो!" मैदान गरजले. कुणी रडत होते, कुणी रिकाम्या बाटल्या पुढे करत होते.

"मल्हारराव साहेब, आवो," महाराजांनी पुढच्या रांगेकडे हात केला. "तीस वरस पाण्याचं काम केलेला माणूस. आता तुम्हीच सांगा."

पुढच्या रांगेतून एक उंच, वाळलेला म्हातारा उठला. त्याने ग्लास भरून सूर्याकडे धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "पास."

मग त्याने तो ग्लास घटाघटा पिऊन टाकला. मागे उभी असलेली नीरजा टाचा उंचावून बघत होती. तो म्हातारा तिचा बाप होता.

मल्हाररावांचे पूर्वज बडोद्याच्या संस्थानी फौजेत होते, असे ते अजूनही सांगत. त्यांची स्वतःची नोकरी मात्र नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीपुढे, एका रंगाच्या कारखान्यात गेली. कारखाना केव्हाच बंद पडला होता. तिथले सांडपाण्याचे हौद त्यांच्या ताब्यात असत. गोल हौदाच्या मध्यातून गढूळ पाणी आत यायचे आणि अगदी सावकाश काठाकडे सरकायचे. त्या सावकाशीतच सगळे कसब होते. पाणी रेंगाळले की गाळ आपल्या वजनाने तळाशी जाई, तेलाचे थेंब हलके म्हणून वर येत आणि ते वरच्यावर खरवडून घेता येत. मधले नितळ पाणी मल्हारराव बरणीत घेत आणि सूर्याकडे धरत. आरपार दिसले की पास. साहेब लोक त्यांच्या डोळ्यापुढे प्रयोगशाळेचा कागदही विचारत नसत, आणि याचा त्यांना फार अभिमान होता.

आता त्यांच्या दोन्ही मूत्रपिंडांनी मान टाकली होती. पुढच्या सोमवारी हातावर छोटी शस्त्रक्रिया ठरली होती, पुढे डायलिसिस लागेल त्याची तयारी म्हणून. डॉक्टर निरुपमांनी स्पष्ट सांगितले होते, "तारीख चुकवू नका, आणि गोळ्या तर अजिबात नाही."

गोळ्या तीन आठवडे ड्रॉवरमध्ये पडून होत्या.

"आबा, हे काय चालवलंय तुम्ही?" घरी आल्यावर नीरजाने ड्रॉवर त्यांच्यासमोर आणून ठेवला.

"आत साचलेला गाळ खाली बसतोय. महाराज म्हणाले."

"मूत्रपिंड म्हणजे तुमचा हौद नव्हे!"

"तू पुस्तकं वाचलीस पोरी, मी पाणी वाचलंय. आम्ही पोत्यानं आलम ओतायचो, तरी दोन-अडीच तास लागायचे. हा माणूस काही न घालता आरतीत करून दाखवतो. मी हात बघितलेत त्याचे. येत्या रविवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे, औषध सोडलं म्हणून. सोमवारी मी कुठंही येणार नाही."

नीरजाला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. अडाण्याला समजावता येते. स्वतःच्या डोळ्यावर तीस वर्षे विसंबलेल्या माणसाला काय सांगायचे?

ती स्वतः सांडपाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत होती. दुसऱ्या दिवशी तिने तीर्थाची बाटली तिथे नेली. परीक्षानळीतले पाणी स्वच्छ दिसत होते. तिने आधी आम्ल आणि मग तपासणीच्या द्रावणाचे थेंब टाकले. पाणी बघता बघता जांभळे झाले. विरघळलेल्या क्रोमची, एका विषारी धातूची, ती खूण. तिने परीक्षानळी बदलली, पुन्हा केले, तिसऱ्यांदा केले. तिन्ही वेळा जांभळे. कारेलीबागेतल्या निदान चाळीस घरांत अशी बाटली देवाजवळ ठेवलेली होती आणि त्यातून रोज दोन घोट पोटात जात होते.

तिने लगेच शेजारच्या हंसाबेनना फोन करून पाणी पिऊ नका म्हणून बजावले. "अरे बेटा, तारा पप्पा तो रोज पीए छे!" हंसाबेन म्हणाल्या. तिचे स्वतःचे वडीलच रोज पितात म्हटल्यावर विषय संपला. मल्हाररावांची साक्ष सगळ्यांना पुरली होती.

हंसाबेननीच पाठवलेले गेल्या तीन रविवारांचे फोटो नीरजाने एकाखाली एक लावले. पहिल्यात स्फटिक लिंबाएवढा, दुसऱ्यात सुपारीएवढा, तिसऱ्यात पुन्हा लिंबाएवढा. हिमालयातला दगड एका आठवड्यात विरघळतो? नीरजा उठली आणि आबांच्या दाढीच्या डब्यातून तुरटीचा खडा काढून आणला. हौदात पोत्याने ओतायचे ते आलम म्हणजे हीच तुरटी.

शनिवारी दुपारी तिने ओट्यावर बरणी मांडली. कुंडीतली माती नळाच्या पाण्यात कालवली, आबांच्या नकळत त्यात मूठभर मीठ टाकले आणि त्यांना हाक मारली. त्यांच्यादेखत तुरटी काठीला बांधून आधी भराभरा, मग संथ फिरवली. चहा होईपर्यंत गोळे खाली बसले होते.

मल्हारराव बघत राहिले. "त्यानं काही घातलं नव्हतं. हात रिकामे होते."

"हात बघितलेत. काठी बघितलीत?"

नीरजाने वरचे पाणी ग्लासात घेतले. "पास का, आबा?"

हात सवयीने खिडकीकडे गेला, एक डोळा मिटला. "पास."

"घोट घ्या."

त्यांनी घोट घेतला आणि मोरीत थुंकला. "शी! खारट ढाण!"

"मग मीठ का नाही बसलं खाली? मातीचे कण सुटे असतात, तुरटी त्यांचे गोळे करते. गोळा जड झाला की बुडतो. जे विरघळलं त्याचा कणच उरत नाही आबा, ते बुडणार कसं? त्या तीर्थात क्रोम आहे. मी तीनदा तपासलं."

"क्रोम?" मल्हाररावांनी ग्लास खाली ठेवला. "कुठलं पाणी म्हणतात ते?"

तिने महाराजांच्या आश्रमाचे पत्रक दिले. वडाखालचे पुरातन कुंड, असे वर लिहिलेले. फोटोत वड होता आणि त्याच्या फांद्यांमागे कारखान्याची एक पडकी चिमणी. मल्हाररावांनी पत्रक डोळ्यांजवळ नेले आणि त्या चिमणीवर बोट ठेवले. मग ते घेऊन गॅलरीत जाऊन बसले. जेवायलाही उठले नाहीत. उद्या ते काय बोलणार, हे विचारायची नीरजाला हिंमत झाली नाही.

रविवारी गर्दी दुप्पट होती. घुसळण झाली, आरती झाली, पाणी नितळले. महाराजांनी हाक मारली, "आवो साहेब! आज मोटी वात सांगणार आहेत, औषध सोडल्याची."

मल्हारराव टेबलाशी गेले. "आधी दंड डोळ्यांना लावू द्या, महाराज."

महाराज प्रसन्न झाले आणि दंड पुढे केला. मल्हाररावांनी तो डोळ्यांना लावला, आणि मग सगळ्यांसमोर त्याच्या टोकाला जीभ लावली. त्यांचे तोंड वेडेवाकडे झाले.

"पन्नास वर्षं दाढी झाली की हीच गालाला लावतोय. हंसाबेन, तुम्ही चाखा."

हंसाबेननी घाबरत जीभ लावली. "अरे! आ तो फटकडी छे!"

मैदानात "तुरटी, तुरटी" अशी कुजबुज पसरली. महाराजांचे दोन दांडगे शिष्य टेबलाकडे सरकले. महाराज मात्र हसले.

"फटकडी तो फटकडी! ती काय अपवित्र आहे? माझे हात निमित्त. बोलो, पाणी चोख्खं झालं के नहीं?"

"वात तो साची छे," मागून कुणीतरी म्हणाले. खरंच आहे म्हणत माना डोलू लागल्या. युक्ती उघडी पडली होती, आणि तरी लोक बाटल्या पुढे करत होते.

"चोख्खं दिसतंय," मल्हारराव म्हणाले. "त्या वडाखाली कुंड नव्हतं. खड्डा होता. आमच्या कारखान्याचं पाणी तिथं सोडायचे. मी पास म्हणालो की व्हॉल्व्ह उघडायचा. गाळ बसलेला, तेल काढलेलं, पाणी आरपार दिसणारं. तीस वर्षं मी पास म्हणालो. त्यात विरघळलेलं क्रोम मला दिसलं नाही, कारण ते दिसतच नाही. मी जमिनीत सोडलं, तेच हा वर काढून तुम्हाला पाजतोय. गेल्या रविवारी तुमच्यासमोर मीच प्यालो, म्हणून तुम्ही प्यालात. ते माझं पाप, आणि ते काही खाली बसत नाही. घरी जा, पाण्यात मीठ टाका आणि बसतंय का बघा."

लोकांच्या बाटल्या अजून हातातच होत्या. नीरजा पुढे आली. तिने एक ग्लास भरून महाराजांसमोर धरला. "घ्या. तुमचंच तीर्थ."

महाराजांनी हात पुढे केला नाही. हंसाबेन वाकल्या आणि त्यांच्या आसनाखालून पाण्याची सीलबंद बाटली ओढून काढली, दुकानातली. ती त्यांनी डोक्यावर उंच धरली. मग मात्र एकेक बाटली जमिनीवर येऊ लागली.

शिष्यांनी बरणी जीपमध्ये घातली आणि महाराज निघून गेले. नीरजाने अहवालासह रीतसर तक्रार केली आणि चाळीस घरांची दारे ठोठावली. काहींनी तिच्यादेखत तीर्थ ओतले, काहींनी नुसती मान हलवली. हंसाबेनची सून सहा महिन्यांची गरोदर होती आणि रोज सकाळी अनशापोटी ते पाणी घेत होती.

लबाडाला फार विद्या लागत नाही. एक तुरटीचा खडा आणि पाव तास धीर धरणारी गर्दी मिळाली की त्याचे भागते. गुरुत्वाकर्षण त्याचे काम फुकट करते, आणि तोच नियम आपल्या हौदांतही इमानाने राबतो. पण तो कण आणि थेंब तेवढे वेगळे करतो, विष ओळखत नाही. ते ओळखायला तपासावे लागते, मग पुढे दंडवाला असो की तीस वर्षांचा अनुभवी. डोळ्यांना पटले एवढ्यावर कुणाच्याही तोंडाला ग्लास लावू नका.

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. संध्याकाळी नर्सने गोळ्यांबरोबर थोडे पाणी दिले. मल्हाररावांनी चांगल्या हाताने ग्लास खिडकीकडे धरला, एक डोळा मिटला. ओठ हलले, पण तो शब्द बाहेर आला नाही. त्यांनी ग्लास खाली घेतला आणि मुलीकडे बघितले.

"नीरजा, हे कुणी तपासलंय का गं?"