घुमणारा रांजण

मीरासाहेब दौंडच्या लोकोशेडात वायरमन होता आणि त्याचा सगळा जीव मोजमापात अडकलेला. कानावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "कान खुशामत करतो, काटा करत न्हाई," असं तो चारचौघांत सांगायचा.

घरच्या रेडिओचा लाऊडस्पीकर त्याने एका रांजणाच्या तोंडावर बसवला होता. रोज संध्याकाळी त्याची बायको खुर्शिद त्या रांजणाला पाठ टेकून गाणी ऐकायची, डोळे मिटून, मान डोलवत. पोरबाळ नव्हतं, बाईची चैन म्हणाल तर एवढीच.

पण मीटर लावून एकेक सूर मोजला, तर खालच्या सुरांना काटा उडी मारायचा. रांजण घुमत होता. झालं, मीरासाहेबाला अन्न गोड लागेना. त्याने गेणबा धनगराकडून लोकर आणली, रांजणाला आतून डांबराचा जाड थर दिला आणि त्यावर लोकर चिकटवली. काटा सुतासारखा सरळ आला.

"आता कसा वाटतो आवाज?"

"ब्येस हाय," खुर्शिद म्हणाली.

त्यानंतर ती रांजणापाशी बसेनाशी झाली. महिनाभर त्याच्या ध्यानातही आलं नाही. गडी काट्याकडे बघत होता, बायकोकडे कुठं बघत होता!

एकदा चुलीवर दूध उतू चाललं. त्याने मागून दोनदा हाक मारली, पण ती वळली नाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकली आणि त्याच्या ओठांकडे बघू लागली.

"कवापासनं?" त्याने विचारलं.

"दोन वरसं झाली. तुमी उगं घोर लावून घ्याल म्हनून बोलले न्हाई. पाठीला गाणं लागायचं. आता लागत न्हाई."

मीरासाहेब तसाच रांजणाकडे धावला. घाईघाईने डांबर खरवडायला गेला, तर रांजणालाच तडा गेला. मग त्याने कुंभारवाडा पालथा घातला, एकामागून एक चार रांजण आणले. खुर्शिद पाठ टेकायची आणि नकाराची मान हलवायची. मीटर कधीच फडताळात गेला होता. तो आता फक्त तिच्या तोंडाकडे बघायचा, आणि ते बघवायचं नाही.

पाचवा रांजण आणला त्या दिवशी तो पार थकला होता. स्पीकर बसवून तो तार जोडायला खाली वाकला. तेवढ्यात खुर्शिद लगबगीने येऊन बसली. तिने पाठ टेकली, डोळे मिटले.

"लागलं," ती म्हणाली, आणि मान डोलवू लागली.

तार अजून मीरासाहेबाच्या हातातच होती.